टाइमशेअरची पुनर्विक्री : टायटल एजंट काय करतो?

अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, अनेक टाइमशेअर म्हणजे रीतसर खताने नोंदलेली स्थावर मालमत्ता असते. म्हणून पुनर्विक्रीचा व्यवहार परवानाधारक टायटल एजंटमार्फत पूर्ण करणंच हिताचं.

● पैसे : खरेदीदाराची रक्कम एजंटच्या एस्क्रो खात्यात राहते, व्यवहार पुरा झाल्यावरच ती विक्रेत्याला मिळते.

● शोध : मालकी कोणाची, कर्ज किंवा बोजा आहे का, हे तो सरकारी नोंदींतून तपासतो.

● एस्टॉपेल पत्र : थकीत देखभाल शुल्क आणि शिल्लक पॉइंट्स रिसॉर्टकडून लेखी मागवतो.

● पहिला हक्क : उदाहरणार्थ, डिस्नेचा टाइमशेअर विकताना डिस्ने व्हेकेशन क्लब ठरलेल्या किमतीला तो स्वतः खरेदी करू शकतो. हा हक्क त्याने सोडल्यावरच पुढचं पाऊल.

● नोंदणी : ऑर्लँडोतल्या मालमत्तेचं खत ऑरेंज काउंटीत नोंदतात. तिथे मुद्रांक कर दर 100 डॉलरला 70 सेंट. रिसॉर्टच्या दप्तरी नाव बदलणं हे त्यानंतरचं स्वतंत्र काम. तेही झाल्याची लेखी खात्री घ्या.

● भारतातून सही : विक्रेता महाराष्ट्रात असेल, तर मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीत वेळ घेऊन खतावर नोटरी करता येते.

सावधान : ‘ग्राहक तयार आहे, आधी फी भरा’ असा फोन आला, तर एक डॉलरही पाठवू नका. एजंटचा परवाना फ्लोरिडाच्या वित्तीय सेवा विभागाकडे तपासा. खाते क्रमांक ईमेलने आला, तर स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा.