घर बांधताना हवेचाही हिशेब मांडा

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हटले जाते, ते उगाच नव्हे. स्वतःचे टुमदार घर बांधायला काढणारा माणूस सिमेंट, सळई आणि वाळूच्या दरांवरून महिनोन्महिने घासाघीस करतो. फरशीचा रंग ठरविण्यासाठी सारे कुटुंब दुकानांच्या पायऱ्या झिजविते. मात्र घरात हवा कोठून येणार आणि कोठून बाहेर जाणार, हा प्रश्न बहुधा गृहप्रवेशानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, कपाटामागच्या भिंतीवर बुरशीचा काळा डाग उमटल्यावर पडतो. तोपर्यंत प्लास्टर, टाइल्स, रंग सारे होऊन गेलेले असते आणि जे काम बांधकामाच्या वेळी काहीशे रुपयांत झाले असते, त्यासाठी तोडफोड करावी लागते.

वायुवीजन ही काही चैनीची बाब नाही. चार माणसांच्या घरात स्वयंपाक, आंघोळ, कपडे वाळविणे आणि केवळ श्वासोच्छ्वास यांतून रोज कित्येक लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. फोडणीतला तेलकट धूर आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू यांची त्यात भर पडते. या साऱ्याला बाहेर जाण्याची वाट मिळाली नाही, तर ते भिंतीत, गाद्यांत आणि शेवटी फुफ्फुसांत साठते.

वाडा गेला, झरोका गेला

जुन्या वाड्यांमध्ये पंखे नव्हते, पण चौक होता. चौकात तापलेली हवा वर जाई आणि तिची जागा घेण्यासाठी सोप्यातून, ओसरीवरून थंड हवा आत ओढली जाई. स्वयंपाकघराच्या छपराला धुरासाठी वाट ठेवलेली असे. गरम हवा हलकी असते व ती वर चढते, एवढ्या साध्या तत्त्वावर ही सारी रचना चाले. केरळमध्ये काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी विटांच्या जाळीदार भिंती वापरून हेच तत्त्व कमी खर्चाच्या घरांत पुन्हा आणले.

आजच्या घराला सपाट स्लॅब, घट्ट बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि वातानुकूलन यंत्र असते. यातील प्रत्येक गोष्ट हवा अडविते. विशेषतः वातानुकूलन यंत्राविषयी मोठा गैरसमज आहे. घरोघरी असलेले स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. ते खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० इतके असते. दोन माणसे दारे-खिडक्या लावून झोपली, तर पहाटेपर्यंत बंद शयनगृहात ते २,००० च्या पुढे जाऊ शकते. सकाळी डोके जड का वाटते, याचे एक कारण येथेही असू शकते.

खिडकी मोठी, उघडझाप छोटी

घराच्या वायुवीजनाची पहिली आणि सर्वांत स्वस्त पायरी म्हणजे खिडकी. २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने दमट-उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश आणि कोरड्या-उष्ण हवामानात एक दशांश इतक्या क्षेत्राची खिडक्या-झरोक्यांची उघडी जागा सुचविली होती. संहिता मार्गदर्शक असते. प्रत्यक्ष परवानगी त्या-त्या गावच्या विकास नियंत्रण नियमांनुसार मिळते, त्यामुळे नकाशा काढणाऱ्याकडून आपल्या गावचा नियम विचारून घ्यावा.

हा हिशेब उदाहरणाने पाहू. खोली १० बाय १२ फुटांची, म्हणजे १२० चौरस फूट. कोकणासारख्या दमट भागात तिला २० चौरस फुटांची उघडी जागा हवी. आपण साधारणपणे ४ बाय ४ फुटांची, म्हणजे १६ चौरस फुटांची एक खिडकी देतो. त्यातही ती सरकती असेल तर एका वेळी निम्मीच उघडते. हाती उरतात ८ चौरस फूट! त्यावर डासांची जाळी आली की वाऱ्याचा जोर आणखी घटतो. बाहेर उघडणाऱ्या झडपांची खिडकी मात्र जवळपास पूर्ण उघडते. म्हणूनच खिडकीचा आकार ठरविण्यापूर्वी तिचा प्रकार ठरविणे महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट समोरासमोरच्या वाटेची. एकाच भिंतीत दोन खिडक्या देण्यापेक्षा समोरासमोरच्या किंवा लगतच्या भिंतींत एकेक दिली, तर वारा खोलीतून आरपार वाहतो. राज्याच्या बऱ्याच भागात उन्हाळ्याच्या संध्याकाळी आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. हवा आत घेणाऱ्या खिडक्या त्या बाजूला चांगला सज्जा देऊन ठेवाव्यात. हवा बाहेर टाकणारे झरोके आणि पंखे शक्यतो पूर्व किंवा उत्तर बाजूला असावेत. पश्चिमेच्या भिंतीत बसविलेल्या पंख्याला ऐन पावसाळ्यात वाऱ्याशी झुंजावे लागते आणि पावसाचे पाणी आत येते ते वेगळेच.

जिना असलेल्या घरात जिन्याच्या माथ्यावर सिमेंटची जाळी किंवा उघडणारा झरोका अवश्य ठेवावा. घरातील गरम हवा जिन्यातून वर चढते. वर वाट मिळाली तर जिनाच चौकाचे काम करतो, तेही विजेशिवाय.

पंखा किती मोठा हवा?

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर येथे मात्र केवळ खिडकीवर विसंबून चालत नाही. तेथे हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट फॅन हवा. तो निवडताना दुकानदार इंचांची भाषा बोलतो. खरा निकष पंखा तासाला किती घनमीटर हवा फेकतो हा आहे. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो.

स्वयंपाकघर १० बाय ८ फुटांचे आणि १० फूट उंच असेल, तर त्यात ८०० घनफूट, म्हणजे सुमारे २३ घनमीटर हवा मावते. स्वयंपाक सुरू असताना ही हवा तासाला १५ वेळा बदलावी असा ठोकताळा धरला, तर सुमारे ३४० घनमीटर क्षमता लागते. जाळी, झडप आणि पाइप यांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात हवा कमी फेकली जाते, म्हणून दीडपट, म्हणजे ५०० घनमीटरच्या आसपासचा पंखा घ्यावा. साधारणतः नऊ-दहा इंची पंखा या गरजेला पुरतो. ५ बाय ७ फुटांच्या आणि ९ फूट उंच न्हाणीघरात जेमतेम ९ घनमीटर हवा असते. तेथे तासाला ९०-१०० घनमीटर पुरेसे असल्याने सहा इंची पंखा भागवितो.

पंख्याइतकीच महत्त्वाची असते ती हवा आत येण्याची वाट. आत हवा आलीच नाही, तर पंखा नुसताच गरगरतो. न्हाणीघराच्या दाराखाली पाऊण-एक इंचाची फट किंवा दारात झडपेची जाळी ठेवावी. याउलट चूक म्हणजे पंख्याच्या शेजारचीच खिडकी उघडी ठेवणे. पंखा मग त्या खिडकीतून आलेली हवाच बाहेर फेकत राहतो आणि ओट्यावरचा धूर जागच्या जागी घुटमळतो. पंखा चालू असताना त्याच्या समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी असावी, म्हणजे हवा ओट्यावरून वाहत जाईल.

स्वतः काय करावे, काय करू नये

पंखा बसविणे हे हौशी माणसाला जमण्याजोगे काम आहे; मात्र त्याची तयारी भिंत बांधतानाच करावी लागते. आधी पंखा विकत आणावा आणि त्याच्या मापानुसार गवंड्याकडून भिंतीत भोक ठेवून घ्यावे. उलट क्रमाने केल्यास भोक एका मापाचे आणि पंखा दुसऱ्या मापाचा, अशी गत होते. भोक छताजवळ, पण स्लॅबच्या बीमखाली असावे. न्हाणीघराच्या भिंतीत पीव्हीसी पाइपचा तुकडाच बसवून घ्यावा आणि त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत न येता बाहेर ओघळेल. भिंत बांधताना हा तुकडा बसवायला शे-दोनशे रुपये लागतात. तेच भोक नंतर यंत्राने कापून घ्यायचे, तर हजाराच्या आसपास खर्च येतो आणि टाइल तडकण्याची धास्ती निराळी.

पंखा बसविताना चौकट चारही बाजूंनी सरळ आहे ना, हे ओळंब्याने पाहावे. तिरकी चौकट म्हणजे रोजची घरघर. चौकट आणि भिंत यांमधील फट सिलिकॉनने बुजवावी. बाहेरून आपोआप मिटणारी झडप बसवावी, म्हणजे पंखा बंद असताना पाऊस, पाली आणि कबुतरे आत येत नाहीत. बारीक जाळी शक्यतो टाळावी. तेलकट धुळीने ती काही आठवड्यांतच तुंबते. काम झाल्यावर एक साधी परीक्षा घ्यावी. उदबत्ती पेटवून दाराच्या फटीजवळ धरावी. धूर आत ओढला जाऊन पंख्याकडे वळला, तर काम फत्ते.

विजेचे काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. न्हाणीघरातील पंख्याचे बटण बाहेर असावे, त्याला अर्थिंग असावे आणि घराच्या मुख्य फळीवर विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणारा ईएलसीबी असावा. ओल्या हाताची आणि विजेची गाठ पडू देणे, ही कोणत्याही हौसेची योग्य किंमत नव्हे. चिमणी बसविणार असाल, तर तिचा पाइप जितका आखूड आणि जितका सरळ, तितकी तिची ओढ चांगली. प्रत्येक वळण ओढ कमी करते. त्यामुळे ओटा बाहेरच्या भिंतीलगत घेण्याचा निर्णय नकाशावरच व्हायला हवा.

गॅस गिझरचा सापळा

वायुवीजनातील हलगर्जी जिवावर बेतते ती गॅस गिझरच्या बाबतीत. बंद न्हाणीघरात आंघोळीला गेलेली व्यक्ती बेशुद्ध होऊन दगावल्याच्या बातम्या राज्यातील शहरांतून दर हिवाळ्यात येतात. त्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यासाठी सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. वर पाहिलेल्या न्हाणीघरात साऱ्या मिळून हवाच ९ घनमीटर. गिझर पेटला की तेथील प्राणवायू घटू लागतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच माणसाचे हातपाय गळून जातात. दाराची कडी उघडण्याचीही शक्ती त्याच्यात उरत नाही.

‘एक्झॉस्ट फॅन लावला आहे, आता भीती नाही’ ही समजूत घातक आहे. दार-खिडक्या बंद असताना लावलेला पंखा गिझरमधून निघणारा वायू बाहेर जाऊ देण्याऐवजी पुन्हा न्हाणीघरातच ओढू शकतो. उपाय एकच आहे. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवूच नये. तो बाहेर, मोकळ्या गॅलरीत किंवा खुल्या बाजूस ठेवून केवळ गरम पाण्याचा नळ आत घ्यावा. घर बांधतानाच ही जागा आखली, तर त्यासाठी लागतो तो फक्त पाइपचा जादा तुकडा.

खर्चाचा ताळेबंद

हजार चौरस फुटांच्या, दोन न्हाणीघरे असलेल्या घराचा अंदाज मांडू. स्वयंपाकघराचा पंखा अडीच हजार रुपये, न्हाणीघरांचे दोन पंखे मिळून तीन हजार, पाइप आणि झडपा दीड हजार, विजेच्या तीन जोडण्या सुमारे अडीच हजार आणि जिन्याच्या माथ्यावरची जाळी अडीच हजार. एकूण बारा हजार रुपये. गाव आणि पंख्याची जात यांनुसार यात कमी-अधिक होईल. चिमणी घेतल्यास दहा ते पंचवीस हजार रुपये वेगळे. चौरस फुटाला २,४०० रुपये धरले, तर या घराचा बांधकाम खर्च २४ लाख होतो. म्हणजे वायुवीजनावरचा खर्च त्याच्या अवघा अर्धा टक्का. पंखे स्वतः बसविल्यास मजुरीही वाचते.

चालविण्याचा खर्च तर नगण्यच आहे. ४० वॉटचा पंखा रोज दोन तास चालला, तर महिन्याला अडीच युनिटही वीज लागत नाही. दहा रुपये युनिट धरले, तरी बिलात पंचवीस रुपयांची भर.

युरोपातील थंड देशांत घरे पूर्ण हवाबंद करून, बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारी यंत्रे बसविली जातात. जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या घरांनी ही पद्धत रूढ केली. आपल्याकडे वर्षाचे बरेच महिने खिडकी उघडी ठेवता येते. त्यामुळे असल्या महागड्या यंत्रणेची गरज बहुतेक घरांना नाही. आपल्याला हवी आहे ती नकाशावर वेळीच ओढलेली एक रेघ, म्हणजे हवा येथून येईल आणि येथून जाईल असे सांगणारी.

नकाशा मंजुरीला देण्यापूर्वी पाहा

• प्रत्येक खोलीत हवेला दोन वाटा आहेत का?
• खिडकी किती मोठी आहे यापेक्षा ती किती उघडते, हे विचारले का?
• ओटा बाहेरच्या भिंतीलगत आहे का?
• पंख्यांची भोके आणि पाइप नकाशावर दाखविले आहेत का?
• न्हाणीघराच्या दाराखाली फट किंवा दारात जाळी आहे का?
• गॅस गिझरची जागा न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत आहे का?
• शयनगृहात एसी लावून झोपतानाही थोडी उघडी ठेवता येईल अशी झडप आहे का?

या सात प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील, तर कंत्राटदाराला बांधकाम सुरू करण्यास खुशाल सांगावे. एखादे उत्तर ‘नाही’ असेल, तर चार दिवस उशीर झालेला परवडतो. कागदावरची रेघ खोडायला पैसे पडत नाहीत, भिंत फोडायला पडतात.