ब्लॅकबर्नची ढाल

लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न या गिरणगावाला १८५१ मध्ये नगरपालिका मिळाली आणि दुसऱ्याच वर्षी मानचिन्ह. गाव वाढलं सुतावर, त्यामुळे चिन्हातही सूतच. ढालीचा रुपेरी रंग म्हणजे इथल्या मागांवरचं कोरं कापड. मधला काळा नागमोडी पट्टा म्हणजे गावातून वाहणारा ओढा. भोवती तीन मधमाश्या, अर्थातच उद्योगीपणाच्या. व्हिक्टोरियाच्या काळात मधमाशी कुठेही बसायची, तिचं फार कौतुक नको.

खरी गंमत वरच्या हिरव्या पट्ट्यात आहे. हिरवा रंग जुन्या जंगलाचा. मधलं शिंग मात्र पहिला महापौर, गिरणीमालक विल्यम हेन्री हॉर्नबी याच्या घराण्याचं. दोन्ही बाजूंचे शंकरपाळ्यासारखे सोनेरी चौकोन जमीनदार फील्डन घराण्याकडून आले. शिवाय इंग्रजी चिन्हशास्त्रात ही आकृती चातीचीही खूण असल्याने तिथे जेम्स हारग्रीव्ह्जच्या ‘जेनी’ या सूतकताई यंत्राचाही मान राखला गेला. हारग्रीव्ह्ज जवळच्याच स्टॅनहिलचा. एका चाकावर अनेक चात्या फिरवणारं त्याचं यंत्र आपली भाकरी हिरावणार, या धास्तीने १७६८ मध्ये जमावाने ते फोडलं आणि तो नॉटिंगहॅमला निघून गेला. पुढे गिरणीमालकांच्या काळात तोच गावाचं भूषण झाला. यंत्र फोडणाऱ्यांना ढालीवर जागा मिळणार नव्हतीच.

ढालीच्या माथ्यावर सोनेरी धोटा आणि त्यावर पांढरं कबूतर. चोचीत धोट्याचा धागा आणि ऑलिव्हची डहाळी. धागा जाई तो मुख्यतः हिंदुस्थानात: पहिल्या महायुद्धापर्यंत ब्लॅकबर्नचे माग आपल्याकडच्या बाजारासाठी धोतरं विणत. पुढे आपल्या गिरण्या वाढल्या, परदेशी कापडावर बहिष्कार आला आणि ब्लॅकबर्नचे माग थंडावले. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी शेजारच्या डार्वेनला येऊन गिरणी कामगारांना भेटले, तेव्हा या भागात बेकारी मुक्कामाला होती. ढालीवर हिंदुस्थानची एकही खूण नाही.

‘आर्ते एत लाबोरे’, म्हणजे कसबाने आणि कष्टाने, हे गावाचं लॅटिन ब्रीद ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबनेही घेतलं. तो क्लब २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने विकत घेतला. मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला, त्या सामन्यात मालकांचा कुक्कुटपालनाचा धंदा ध्यानात ठेवून कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली कोंबडी मैदानात सोडली.