डोक्याला मार लागल्यावर : एक रुग्ण, अनेक तज्ज्ञ

दुचाकीच्या अपघातात डोक्याला जबर मार लागला, की नातेवाईक आधी मेंदूच्या सर्जनची चौकशी करतात. पण अशा रुग्णाला एकाच नव्हे, तर अनेक तज्ज्ञांची गरज असते.

आपत्कालीन विभागातले डॉक्टर प्रथम श्वास आणि रक्तदाब सांभाळतात, कारण प्राणवायू कमी पडला तर जखमी मेंदूची हानी वाढते. रुग्ण किती शुद्धीवर आहे, हे १९७४ साली मांडलेल्या ‘ग्लासगो कोमा स्केल’वर ३ ते १५ गुणांत मोजतात. गुण ८ किंवा त्याहून कमी असतील तर इजा गंभीर. मग बहुधा भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालतात. रेडिओलॉजिस्ट सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि सूज पाहतात. गरज असेल तर न्यूरोसर्जन साकळलेले रक्त काढतात किंवा कवटीतला दाब कमी करतात. शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. अतिदक्षता विभागातली देखरेख मात्र गंभीर इजेत अटळ असते. पुढे फिट येऊ लागल्या तर न्यूरोलॉजिस्ट औषधे ठरवतात.

जीव वाचला तरी उपचार संपत नाहीत. फिजिओथेरपिस्ट तोल आणि चालणे सुधारतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आंघोळ, कपडे, जेवण ही रोजची कामे पुन्हा शिकवतात. स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबर गिळण्याचीही तपासणी करतात. विसराळूपणा, चिडचिड, नैराश्य यांसाठी मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ हवेत. हा स्वभावदोष नव्हे, इजेचाच परिणाम असू शकतो.

म्हणून डिस्चार्ज घेण्यापूर्वी जरूर विचारा : यापुढे कोणत्या तज्ज्ञांना, केव्हा दाखवायचे?