ना विमानतळ, ना राजधानी, तरी जगभरातल्या वेबसाईट्सवर या बेटांचं नाव होतं

काही वर्षांपूर्वी फुकटात वेबसाईट काढायची असेल तर अनेकजण ‘डॉट टीके’ घ्यायचे. भारताचं जसं डॉट इन, तसं हे डॉट टीके टोकेलाऊचं. नेदरलँड्समधल्या एका कंपनीने ही नावं फुकट वाटायला सुरुवात केली आणि बघता बघता त्यांचा आकडा दोन कोटींच्या पुढे गेला. फसवणूक करणाऱ्यांनीही त्याचा भरपूर फायदा उचलला. शेवटी 2023 मध्ये ही फुकट नोंदणी बंद पडली.

आता गंमत बघा. ज्या टोकेलाऊच्या नावावर हे सगळं चाललं होतं, तिथली लोकसंख्या आहे फक्त दीड हजाराच्या आसपास.

तर हे टोकेलाऊ आहे कुठे?

पॅसिफिक महासागरात, सामोआच्या उत्तरेला साधारण 500 किलोमीटरवर. अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन बेटं म्हणजे टोकेलाऊ. तिन्ही मिळून जमीन जेमतेम 10 ते 12 चौरस किलोमीटर. विमानतळ नाही, मोठं बंदर नाही. सामोआची राजधानी आपियामधून बोटीत बसायचं आणि एक दिवसापेक्षा जास्त प्रवास करायचा. मोठी बोट बाहेर खोल पाण्यात थांबते आणि माणसं, सामान छोट्या होड्यांमधून किनाऱ्यावर येतं.

ही आपल्या लक्षद्वीपसारखी प्रवाळांची कंकणद्वीपं आहेत. म्हणजे मध्ये उथळ पाणी आणि भोवती बांगडीसारखी जमिनीची चिंचोळी पट्टी. ही जमीन समुद्रापासून फार तर पाचेक मीटर उंच. नदी नाही, ओढा नाही. पिण्यासाठी टाक्यांमध्ये साठवलेलं पावसाचं पाणी. 2011 मध्ये पावसाने दडी मारली, तेव्हा आणीबाणी जाहीर करून बाहेरून पाणी आणावं लागलं होतं.

या बेटांवर सगळ्यात मोठा घाव 1863 मध्ये बसला. पेरूहून गुलाम पकडायला आलेल्या जहाजांनी अडीचशेच्या आसपास लोक उचलून नेले. गावंच्या गावं रिकामी झाली. पुढे 1889 मध्ये इथे ब्रिटिशांचं संरक्षण आलं, 1920 च्या दशकात कारभार न्यूझीलंडकडे गेला आणि 1949 पासून टोकेलाऊ न्यूझीलंडचाच भाग आहे. इथले लोक न्यूझीलंडचे नागरिक आहेत.

पण रोजचा कारभार गावंच बघतात. राजधानी नाही, कारण प्रमुखपद दरवर्षी एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडे जातं. ‘इनाती’ नावाची जुनी पद्धतही टिकून आहे. गावाने मिळून पकडलेले मासे प्रत्येक घराला वाटून दिले जातात.

मग न्यूझीलंडपासून थोडं मोकळं व्हावं का? स्वतःचं सरकार, पण न्यूझीलंडशी मुक्त सहकार्य, असा प्रस्ताव ठेवून संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली दोनदा मतदान झालं. अट होती दोन तृतीयांश मतांची. 2006 मध्ये 60 टक्के लोक ‘हो’ म्हणाले. 2007 मध्ये 64 टक्क्यांपेक्षा जास्त. तरी फक्त 16 मतं कमी पडली.

एवढ्या लोकांनी नकार का दिला असेल, याचा अंदाज इथल्या हिशोबावरून येतो. मासेमारीच्या परवान्यांतून मिळणारी फी ही मोठी कमाई, पण दवाखाना, शाळा, बोट यासाठी न्यूझीलंडचा पैसा लागतोच. आज न्यूझीलंडमध्ये राहणारे टोकेलाऊवासी आठ हजारांहून जास्त आहेत, म्हणजे बेटांवरच्या लोकांच्या कितीतरी पट.

2012 मध्ये टोकेलाऊने डिझेलचे जनरेटर बाजूला ठेवून जवळपास सगळी वीज सौरऊर्जेवर नेली, त्यासाठीही न्यूझीलंडने पैसे दिले होते. जगाचं तापमान वाढवण्यात या दीड हजार लोकांचा वाटा नगण्य. पण समुद्र वर चढला तर सगळ्यात आधी पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींमध्ये त्यांची बेटं असतील, आणि पाच मीटरपेक्षा उंच चढून बसायला तिथे जागाच नाही.