आतल्या दोन जागा रिकाम्या झाल्यावर

८७० आणि ९९३. करकंबला बारावीच्या वर्गात प्रकाशविद्युत परिणाम शिकवून झाला की मी हे दोन आकडे फळ्यावर लिहितो. अभ्यासक्रमात ते नाहीत. धातूच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटला की पुस्तकातला धडा संपतो, आणि मला वाटते, खरी मजा तिथून पुढे आहे.

आकडे निऑनचे. निऑनच्या अणूत दहा इलेक्ट्रॉन: दोन केंद्रकाला खेटून, आठ बाहेरच्या कवचात. आतल्या दोघांपैकी एकाला उपटायला ८७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. तो गेल्यावर त्याच्या जोडीदारालाही काढायचे तर ९९३ लागतात. का? "सर, आता त्याला ढकलणारा कुणी उरला नाही," असे एका मुलीने सांगितले, आणि ते बरोबर होते. दोघे असताना एकमेकांना दूर सारत होते, केंद्रकाची ओढ थोडी झाकत होते. शिवाय पहिला जाताच बाहेरचे आठही आत ओढले जातात. अणू नुसता एकाने कमी होत नाही. सगळा नव्याने मांडला जातो.

हे मोजायचे कसे? ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण सोडायचा आणि बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा मोजायची. ॲल्युमिनियमचा ॲनोड असलेल्या नळीतला क्ष-किरण १४८६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. निऑनमधून इलेक्ट्रॉन ६१६ घेऊन बाहेर पडला, तर उरलेले ८७० त्याला सोडवण्यात खर्च झाले. वजाबाकी एवढीच. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात काय सीगबान यांनी या वजाबाकीला इतकी धार आणली की १९८१ साली त्यांना नोबेल मिळाले. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अरुण निगवेकर, सुलभा कुलकर्णी यांनी हे तंत्र वापरले. मी तिथे एमएस्सीला असताना निर्वात पंपांच्या घरघरीत कागदावर उमटणारे आलेखाचे शिखर पहिल्यांदा पाहिले. अणू आपल्याला उत्तर देतो, हे तेव्हा पटले.

सीगबान यांचे गाजलेले उदाहरण एका कार्बनी रेणूचे आहे. त्यात चार कार्बन, चौघांचे शेजारी वेगळे, म्हणून शिखरेही चार. पण ही युक्ती काही ठिकाणी अडते. इथेन, केळी पिकवायला आमच्या भागात वापरतात ते इथिलीन आणि वेल्डिंगचे ॲसिटिलीन घ्या. तिन्हींत दोन-दोन कार्बन, पण बंध एकेरी, दुहेरी, तिहेरी. रसायनशास्त्राच्या दृष्टीने फरक मोठा. तरी एक आतला इलेक्ट्रॉन काढायला तिघांतही जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते. शिखरे एकमेकांना चिकटून येतात.

१९८६ साली जर्मनीत लोरेन्झ सेडरबाउम आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले की दोन्ही कार्बनांतून एकेक आतला इलेक्ट्रॉन काढला तर हे तिघे स्वच्छ वेगळे दिसतील. घरातला एक कर्ता माणूस गेला तर घरचे सावरून घेतात. दोघे एकदम गेले की शेजारच्या वाड्यातूनही माणसे धावतात, आणि शेजार कसा आहे ते तेव्हा कळते. रेणूत ही सावरासावर दोन जागांसाठी दुप्पट होत नाही. दोन्ही एकाच अणूतल्या असल्या तर ढोबळ हिशेबाने चौपट होते. जपानच्या फोटॉन फॅक्टरीतल्या मोजणीने २०१३ मध्ये सेडरबाउम यांचे भाकीत खरे ठरवले. मध्ये सत्तावीस वर्षे गेली.

एवढा वेळ लागला, कारण एका फोटॉनने, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाने, दोन आतले इलेक्ट्रॉन एकदम निघणे फार दुर्मीळ. दोन फोटॉनांनी काढायचे म्हटले तर वेळ नसतो. निऑनमधली आतली रिकामी जागा सुमारे २.४ फेम्टोसेकंदांत बाहेरचा इलेक्ट्रॉन येऊन भरतो, आणि त्या झटापटीत आणखी एक बाहेर फेकला जातो. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाचाही हजारावा भाग. तेवढ्यात दुसरा फोटॉन त्याच अणूवर यायला हवा! स्टॅनफर्डजवळ २००९ साली क्ष-किरणांचा लेझर सुरू झाला, त्याच्या एकेका झोतात लाख कोटी फोटॉन असतात. तिथे लिंडा यंग यांच्या गटाने निऑनवर तो झोत टाकला. ९९३च्या वर गेल्यावर आतून रिकामे, बाहेरून भरलेले पोकळ अणू मिळाले. २००० इलेक्ट्रॉन-व्होल्टला तर दहाही इलेक्ट्रॉन निघून नुसते केंद्रक उरले. या प्रयोगाचा निबंध २०१० साली 'नेचर'मध्ये आला.

असा लेझर आपल्याकडे नाही. मुंबईत टीआयएफआरमध्ये लोकेश त्रिबेदी यांच्या गटाने दुसरी वाट धरली: पेलेट्रॉन त्वरकातले वेगवान जड आयन अणूंवर आदळवायचे, आतली कवचे रिकामी करायची आणि जागा भरताना निघणारे क्ष-किरण मोजायचे. दोन्ही जागा रिकाम्या असतील तर त्या क्ष-किरणाची ऊर्जा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरते. इंदूरला इंडस-२ या २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सिंक्रोट्रॉनवर फोटोइलेक्ट्रॉन मोजायची सोय आहे. करकंबहून इंदूर काही स्टॅनफर्डइतके लांब नाही, हे मी वर्गात आवर्जून सांगतो.

स्टॅनफर्डचा जुना लेझर सेकंदाला १२० झोत देई. २०२३ साली सुरू झालेला नवा दहा लाखांपर्यंत देऊ शकतो. ही संख्या महत्त्वाची आहे, कारण निघालेले दोन इलेक्ट्रॉन एकाच रेणूचे आहेत अशी खात्री हवी असेल तर वायू इतका विरळ ठेवावा लागतो की बहुतेक झोत रिकामेच जातात.