गाडीचे कागद आणि उसाचे बिल

लेखक : ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



गळिताचा हंगाम तोंडावर आला की शेती विभागात तोडणी-वाहतुकीचे करार सुरू होतात. ट्रॅक्टर किती, ट्रक किती, बैलगाड्या किती, टोळ्यांना उचल किती, याची चर्चा सगळेच करतात. पण गाडीची नोंदणी, पासिंग, विमा आणि ड्रायव्हरचे लायसन हा विषय काढला की उत्तर ठरलेले, "ते वाहतूकदाराचं बघणं, आपल्याला काय त्याचं?"

हा समज बरोबर नाही. आपल्या राज्यात उसाच्या दरातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो आणि मग सभासदाच्या हाती बिल पडते. गाडीवरची सरकारी फी वाढली, कर वाढला, की वाहतूकदार पुढच्या करारात दर वाढवून मागणारच. म्हणजे तो पैसा आज ना उद्या आपल्याच उसातून जातो. यासाठी नियमांत काय बदल झाले ते सभासदांनीही समजून घ्यावे.

दर कोण ठरवतो, भरतो कोण

राज्यघटनेप्रमाणे वाहनांवरचा कर हा राज्याचा विषय आहे. लायसन, नोंदणी आणि तपासणीच्या फीचे दर मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत ठरतात. फी भरायची ती राज्याच्या आरटीओ कार्यालयात. थोडक्यात, फीचे दर दिल्ली ठरवते, वसुली राज्य करते आणि भरतो गाडीवाला.

राज्याच्या तिजोरीला यातून किती मिळते याचा अंदाज एका उदाहरणाने येईल. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांवर ७ टक्के एकरकमी कर सुचवला होता. त्यातून सुमारे ६२५ कोटी रुपये जादा मिळतील, अशी अपेक्षा त्यात धरली होती. आपल्याकडे बेणे, खते, भाजीपाला वाहणारी पिकअप याच वर्गात बसते. ८ लाखांच्या गाडीला ७ टक्के म्हणजे ५६ हजार रुपये झाले. एकदाच भरले की दरवर्षीचा हेलपाटा वाचतो हे खरे. पण गाडी कर्जावर घेतली असेल, तर या रकमेची सोयही आधीच करावी लागते.

जुन्या गाडीचा भार

१ एप्रिल २०२२ पासून केंद्राच्या नव्या नियमांप्रमाणे १५ वर्षांवरील ट्रकच्या योग्यता प्रमाणपत्राची फी सुमारे दीड हजारावरून १२,५०० रुपयांवर नेण्यात आली. १५ वर्षांवरील मोटारकारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली. पुढे २०२५ मध्ये गाडीच्या वयाचे टप्पे पाडून फी पुन्हा बदलली. तेव्हा भरण्यापूर्वी त्या दिवसाचा दर आरटीओतूनच घ्यावा.

टनावर याचा किती बोजा पडतो? समजा, एका जुन्या ट्रकने हंगामात २,००० टन ऊस आणला. १,५०० रुपये फी असता टनाला ७५ पैसे पडत. १२,५०० रुपये झाल्यावर टनाला सव्वासहा रुपये पडतात. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला हे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, म्हणजे हा खर्च दरसाल आहे. जुनी गाडी स्वस्त पडते, असे म्हणताना हा आकडाही हिशेबात धरावा.

लायसनचे नियम

इथे काही बदल आपल्या भागाच्या सोयीचे झाले. मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरला पूर्वी आठवी पास असावे लागे. २०१९ मध्ये ही अट काढली. हात चांगला पण शाळा सुटलेली, अशा पोरांना यामुळे धंद्याची वाट मोकळी झाली. मालवाहू लायसनची मुदतही तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सांगितले की, हलक्या वाहनाचे लायसन असलेल्याला ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाची मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही.

दुसरी बाजूही पाहावी. तीस ते पन्नास वयाच्या ड्रायव्हरला साधे लायसन आता दहाच वर्षांचे मिळते. पूर्वी ते वीस वर्षे किंवा पन्नाशीपर्यंत चाले. मुदत संपून एक वर्ष उलटले, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

फी परवडते, चुकारपणा परवडत नाही

२०१९ च्या दुरुस्तीने विनालायसन गाडी चालवण्याचा कायद्यातला दंड ५०० वरून ५,००० झाला. लायसन नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही ५,००० आहे, पूर्वी तो १,००० पर्यंत होता. पण खरा धोका दंडाचा नाही, विम्याचा आहे. अपघात झाला आणि ड्रायव्हरकडे वैध लायसन नसले, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देते आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. तिथे लाखांचा हिशेब येतो. ट्रॅक्टर जातो, प्रसंगी रानही जाते.

सरकारलाही एक सांगणे आहे. फी एकदम आठपट झाली की काही गाडीवाले पासिंगच टाळतात. मग तिजोरीत नवी फी तर येत नाहीच, जुनीही बुडते आणि रात्रीच्या रस्त्यावर बिनतपासणीच्या गाड्या फिरतात. वाढ टप्प्याटप्प्याने झाली, तर भरणाऱ्यालाही पेलेल.

करारापूर्वी एवढे करावे

१. ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती तारीख पाहावी. ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते, हे विसरू नये.

२. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपाटी लागते. राज्यात ट्रॅक्टरसाठी तिचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये ठरवण्यात आला. हा कर नव्हे, पाटीची किंमत आहे.

३. विमा आणि लायसन यांची मुदत पूर्ण हंगाम पुरेल अशी असावी. मध्येच संपणार असेल, तर पहिली मोळी टाकण्यापूर्वी नूतनीकरण करावे.

४. कागदांच्या नकला गट कार्यालयात द्याव्यात. ज्या सभासदांची स्वतःची वाहने आहेत, त्यांनी हे आधी करावे, म्हणजे बाकीच्यांना सांगायला तोंड राहील.

फडात ऊस तुटून पडला आणि गाडी पोलीस ठाण्यात अडकली, तर ऊस वाळतो आणि वजनात मार बसतो. तो मार वाहतूकदाराच्या नव्हे, सभासदाच्या पावतीवर दिसतो. तेव्हा या हंगामात गाडी ठरवताना भावाबरोबर कागदही पाहावेत, ही नम्र विनंती.