हळदीच्या कंदाचे मास स्पेक्ट्रोमेट्री प्रतिमांकन : नमुना तयार करण्याचे महत्त्व

प्रस्तावना
सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णाकाठी हळदीचे पीक पूर्वापार घेतले जाते. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीतील कुरकुमिनचे एकूण प्रमाण रासायनिक पृथक्करणाने समजते. परंतु त्यासाठी कंदाची पूड करावी लागत असल्याने हे द्रव्य नेमके कोठे साठले होते, ही माहिती नष्ट होते. रिचर्ड कॅप्रिओली व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या लेसर प्रतिमांकनात ऊतीच्या पातळ छेदावरील प्रत्येक बिंदूतील रेणूंचे वस्तुमान मोजून त्यांच्या वितरणाचा नकाशा तयार होतो. हा नकाशा कितपत खरा, हे मात्र बव्हंशी नमुन्याच्या तयारीवर ठरते.

नमुन्याची निवड
बाजारातील हळकुंड या अभ्यासास उपयोगी पडत नाही. काढणीनंतर हळद शिजवली जाते, त्यामुळे रंग कंदात सर्वत्र सारखा पसरतो. व्यापारात हा गुण मानला जातो. प्रतिमांकनात मात्र त्यामुळे मूळ वितरणच पुसले जाते. म्हणून शेतातून नुकताच काढलेला ओला कंद घ्यावा लागतो.

तयारीचे टप्पे
१) गोठवणे : कंदाचा लहान तुकडा द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने त्वरित गोठवतात. गोठण्यास वेळ लागल्यास बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात. कुरकुमिन प्रकाशात विघटित होत असल्याने नमुना अंधारात व उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवणे इष्ट असते.
२) छेद घेणे : आधारासाठी नेहमीचे बहुवारिकयुक्त माध्यम टाळून जिलेटिन किंवा कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज वापरतात, कारण बहुवारिकाचे संकेत मूळ रेणूंचे संकेत झाकतात. सुमारे उणे २० अंशांस साधारणतः १० ते ३० मायक्रोमीटर जाडीचे छेद घेऊन ते विद्युत्वाहक काचपट्टीवर निर्वातात वाळवतात.
३) धुणे : प्रथिनांच्या अभ्यासात छेद अल्कोहोलने धुतात. कुरकुमिन अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून येथे हा टप्पा वगळणे आवश्यक ठरते.
४) मॅट्रिक्सचा थर : लेसरची ऊर्जा शोषून रेणूंच्या आयनीभवनास साहाय्य करणारे द्रव्य छेदावर फवारतात. फवारा अति ओला झाल्यास रेणू जागा सोडतात. अति कोरडा राहिल्यास ते ऊतीतून पुरेसे बाहेर येत नाहीत. संप्लवनाने थर दिल्यास रेणूंचे स्थलांतर कमी होते, मात्र त्यांचे निष्कर्षणही मर्यादित राहते.

निष्कर्ष
सदोष तयारीचा नमुनाही यंत्रातून सुबक चित्र देतो. ते चित्र कंदाचे की तयारीतील दोषाचे, हे यंत्र सांगत नाही. म्हणून छेदाशेजारील रिकाम्या काचेचेही मापन करणे आवश्यक आहे. तेथे कुरकुमिनचा संकेत आढळल्यास ते द्रव्य छेदाबाहेर पसरले असल्याचा संशय घेऊन तयारीची पुन्हा तपासणी करणे योग्य ठरते.